बाळंतिणीच्या खोलीतला वारा

आमचे हे इमारतींचे नकाशे काढत. अन्नपूर्णेच्या देवळाकडच्या लोकांनी मिळून लहानसं सूतिकागृह बांधायचं ठरवलं आणि ते काम यांच्याकडे आलं. मध्य प्रदेश राज्य नवं होतं, यांचा उत्साहही नवा होता. रोज संध्याकाळी त्या मोकळ्या जागेवर हे उदबत्ती पेटवून उभे राहत आणि धूर कुठे वळतो त्यावरून वाऱ्याची दिशा बघत. देवळात निघालेल्या बायका थांबून हात जोडायच्या. एकीने तर नारळ ठेवला. त्याची आम्ही घरी चटणी केली आणि मी पोट धरून हसले.

असं हसू फार दिवसांनी आलं होतं. आमचं पहिलं मूल भर वैशाखात, पत्र्याच्या छपराखाली जन्मलं होतं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद आणि खाटेखाली शेगडी. बाळ तापलं आणि गेलं. घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. आता मला पुन्हा दिवस गेले होते आणि हे नकाशावर वाकलेले असायचे.

समितीतल्या एका बड्या गृहस्थांना मोठाल्या काचा आणि खोलीखोलीत पंखे हवे होते. ते यांना म्हणायचे, "भिया, एकदम बंबईसारखं दिसलं पाहिजे!"

"आणि बिजली गेली तर बाळानं काय करायचं?" यांनी विचारलं. गृहस्थांनी काचांचा हट्ट सोडला. मग जाड भिंती उठल्या, पश्चिमेला रुंद व्हरांडा आला, भिंतीत विटांची जाळी आणि वर छताला लागून झरोके.

मला मुलगी झाली तीही वैशाखातच, पण या नव्या सूतिकागृहात. ते दिवस मला अर्धवट झोपेतले आठवतात. ओल्या चुन्याचा वास यायचा. व्हरांड्यात लस टोचून घ्यायला आलेली पोरं रडायची, कुणीतरी माठातून पाणी घ्यायचं, आणि मी त्या आवाजांवर तरंगत कुठल्या कुठे जायची. डोळे उघडले की सासूबाई जाळीत जुनी लुगडी कोंबताना दिसायच्या.

"बिलकुल हवा लागू द्यायची नाही हं. जन्मभर कमर धरते."

शेगडीही आलीच. मुलीच्या कपाळावर घाम दिसला की मला पहिलं बाळ आठवायचं, पण त्यांच्यापुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

पुरुषांना आत मज्जाव होता. यांनी बाहेरूनच लुगडी पाहिली. आता जुंपणार असं मला वाटलं.

"आई, गरम हवा वरच्या झरोक्यातून निघून जाते," हे जाळीपलीकडून म्हणाले. "खालून गार येते. खाट बाजूला आहे, हिच्या अंगावर येतच नाही. तू तिथे हात धरून बघ ना."

दिवेलागणीपर्यंत सासूबाई मुलीच्या पाठीवर हात ठेवून बसून होत्या. मग उठल्या आणि पदरानं धरून शेगडी व्हरांड्यात ठेवून आल्या. एकेक लुगडं ओढून काढलं. खोलीत मंद गारवा उतरला. मुलीनं मूठ सैल सोडली आणि तिला गाढ झोप लागली.

सासूबाई माझ्याकडे पाठ करून लुगड्याची घडी घालता घालता म्हणाल्या, "त्या पहिल्याला मीच कोंडलं होतं गं."