कडेला बघणारे फ्लेक्सकाका

अर्ध्या कोल्हापूरच्या पाठीशी वाघ उभा करणारे आमचे फ्लेक्सकाका स्वतः मांजराला घाबरत. गडमुडशिंगीहून रोज मोपेडवर येत, आणि आपल्या फ्लेक्सच्या दुकानाच्या पायरीवर मांजर दिसलं की शेजारचा चहावाला ते उचलून नेईपर्यंत खाली उतरत नसत. मग आत जाऊन कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर डरकाळी फोडणारा वाघ चिकटवत.

गिऱ्हाईक मोबाइलवर सिनेमाचं पोस्टर दाखवून म्हणे, "काका, मला असाच करा." रक्ताळलेला शर्ट, हातात कुऱ्हाड. काका कॉम्प्युटरवरची नजर न काढता विचारत, "कुऱ्हाड दितो की. पण तू मेडिकलात बसतोस न्हवं? गोळ्या न्यायला कोण येणार तुझ्याकडं?" करून मात्र द्यायचे. पोट त्यावरच होतं आणि हे ते लपवत नसत.

सिनेमे त्यांनी भरपूर पाहिलेले, पण बघायची तऱ्हा वेगळी. "मधला माणूस कोणबी बघतंय. कडंची तोंडं बघावीत," म्हणायचे. "हिरो दाराला लाथ घालून घरात येतोय, थेटरात शिट्ट्या. त्याची बायको बघा की. भिंतीला चिकटलीया."

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या पस्तिसाव्या वाढदिवसाला. मंडळातल्या मित्रांना माझा फ्लेक्स लावायचा होता. तेव्हा मीही घरात हिरोसारखाच वागायचो. कमी बोलायचं, रोखून बघायचं, मनासारखं नसलं की ताट सरकवून उठायचं. पुरुषानं असंच असावं, अशी माझी पक्की समजूत. मला कापून वाघाशेजारी बसवायला मी घरातल्या सगळ्यांचा एक फोटो दिला. काकांनी तो मोठा केला, पण माझ्यावर नव्हे, कडेला उभ्या असलेल्या माझ्या सहा वर्षांच्या मुलीवर. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"पावणं, पोरगी हाताकडं का बघत्या तुमच्या?"

"मी कधी बोट लावलेलं नाही तिला," मी तडकून म्हणालो.

"नसंल लावलं. पण लावणार न्हाय, हे तिला ठावं न्हाय."

राग आला. फ्लेक्स न करताच उठलो. घरी जाऊन तो फोटो पुन्हा पाहिला आणि जेवण गेलं नाही. पुढं मी त्या दुकानात वरचेवर जाऊ लागलो, मुलीलाही नेऊ लागलो. पण ती माझ्या जवळ येता येता बरेच दिवस गेले, आणि ती चूक माझीच होती.

मागच्या महिन्यात काका गेले. श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी त्यांचा धड फोटो सापडेना, प्रत्येक फोटोत ते आपले कडेला. शेवटी चहावाल्याच्या मोबाइलमधला एक माझ्या मुलीनं निवडला. पायरीवर मांजर, मोपेडवर पाय वर घेतलेले काका, आणि चेहऱ्यावर ओशाळं हसू.

"हाच लावा," ती म्हणाली. "भ्यायलेत, तरी हसतायत."

चौकात तो फ्लेक्स लागला, दोन्हीकडे त्यांनीच केलेले वाघवाले. माझा मोठा आधार गेला होता. भर चौकात मला रडू आवरेना. मुलीनं वर पाहिलं, आणि माझा हात हातात घेतला.