जित्ती गाडी

४ डिसेंबर २०२४, बुधवार. कापसाची दुसरी वेचणी संपली. संत्र्याला पाणी दिले. फियाट आजही सुरू झाली नाही. भाऊजी उद्या भंगारवाल्याला आणणार.

जयवंताबाईंच्या रोजच्या वहीतली ही नोंद. पातूरजवळच्या शेतातली ती फियाट त्यांच्या यजमानांची, वामनरावांची. ते गेल्यापासून ती शेडमध्ये उभी होती. सत्तरी उलटल्यावर बाईंनी ती दुरुस्त करायला घेतली, तीही पाना कसा धरायचा इथपासून. गाडीच्या कप्प्यात सापडलेले इंग्रजी माहितीपुस्तक त्यांनी लहानपणच्या कॉन्व्हेंट शाळेच्या शिस्तीने वाचून काढले. टाकी धुतली, प्लग घासले, नवी बॅटरी बसवली. तरी इंजिन नुसते घरघरायचे, पेट काही घ्यायचे नाही. त्यांचे दीर किसनराव यांना शेडमध्ये कापूस ठेवायचा होता. दिवाळीपासून थांबून ते कंटाळले. "वहिनी, ह्या गाडीत आता कोंबड्याच अंडे घालतीन," असे म्हणून त्यांनी भंगारवाल्याशी बोलणी केली.

गुरुवारी सकाळी बाई देवापुढे वाती वळत होत्या. बोटांत कापूस दाबताना हात एकदम थांबला. टाकी धुताना पेट्रोलची नळी सोडली होती. धूळ जाऊ नये म्हणून तिच्या तोंडात घरच्या कापसाचा बोळा असाच दाबला होता. वऱ्हाडातल्या घरात दुसरे काय हाताशी लागणार? नळी परत जोडली, बोळा आतच राहिला.

वाती तशाच टाकून त्या शेडकडे निघाल्या. चिमट्याने बोळा ओढला, नळी बसवली, तोवर किसनराव भंगारवाल्या खुशालरावांना घेऊन दारात हजर. बाई त्यांच्याकडे न पाहता गाडीत बसल्या. चोक ओढून स्टार्टर दिला. आधी घरघर, मग दमेकऱ्यासारखा खोकला, आणि मागून काळा धूर सोडत इंजिन असे धडधडले की शेडचे पत्रे वाजू लागले.

खुशालरावांनी हातातली दोरी गुंडाळली. "हे तं जित्ती हाय, बाई. जित्तीले मी नेत नाही."

बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "भाऊजी, कोंबड्यांसाठी दुसरी जागा पाहा."

किसनराव हसत शेजारी येऊन बसले आणि पातूरच्या बाजारापर्यंत नेता का म्हणून विचारू लागले. ब्रेकचे काम अजून शिकायचे आहे, हे कळल्यावर घाईघाईने उतरले. बाई मात्र बसून राहिल्या. इंजिन बंद करायला त्यांचे मन होईना.

संध्याकाळी त्यांनी लिहिले: कापूस माजघरात रचला. वाती अर्ध्याच झाल्या, उद्या वळायच्या.