गोखिवऱ्यातली द्राक्षवेल

सासऱ्यांना, म्हणजे आबांना, अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांच्याकडे बघायला दुसरं कोणी नव्हतं. बायको निफाडला गेली आणि तिथेच राहिली. नोकरीमुळे मी गोखिवऱ्यातच होतो. दिवाळीनंतर चार दिवस तिकडे जाऊन आलो, तेव्हा येताना तिने वडिलांच्या मळ्यातली मुळं फुटलेली एक द्राक्षकाडी बरोबर दिली. म्हणाली, "लावा मागच्या अंगणात. रविवारी फोनवर सांगत जा कशी आहे ते."

मळ्यात लोक काय काय करतात ते मी वहीत उतरवून घेतलं होतं. थंडीत पहाटे विहिरीचं पाणी बागेला सोडायचे. ते कोमट असतं, त्याने जमिनीतला गारठा कमी होतो आणि पाला करपत नाही. मीही रोज पहाटे दोन बादल्या ओतू लागलो.

दर रविवारी एसटीडी बूथवरून मी आकडा सांगायचो. दोन बोटं वाढली. बायको ते मोठ्याने सासऱ्यांना सांगायची, ते काहीतरी विचारायचे, ती मला विचारायची. असं दहा मिनिटं बोलणं व्हायचं. आठवड्यात घरच्या माणसांशी तेवढंच.

सातव्या आठवड्यात पानं पिवळी पडून गळाली. मी बुंध्याशी उकरलं, तर वीतभर खाली पाणी साचलेलं. मुळं काळी, कुजका वास. निफाडची माती मुरमाड, पाणी धरून ठेवत नाही. आमचं अंगण म्हणजे भाताचं जुनं शेत, नुसती चिकण. दाराशी थर्मामीटर होता, पहाटे अठराच्या खाली कधी उतरला नव्हता. रोज बघत होतो. तरी पाणी घालत होतो, कारण वहीत तसं लिहिलं होतं.

त्या रविवारी बूथवर उभा राहिलो आणि म्हणालो, "दोन बोटं वाढली." पुढचे तीन रविवारही तेच. आयुष्यात खोटा आकडा मी त्याआधी लिहिला नव्हता, की सांगितला नव्हता.

चौथ्या रविवारी बायकोने रिसीव्हर सासऱ्यांच्या कानाशी धरला. जीभ जड झालेली, ते सावकाश बोलले. "जावईबापू, दर आठवड्याला दोनच बोटं? वेल काय पट्टी घेऊन वाढती? एखाद्या आठवड्याला तरी कमी भरायला पाहिजे होती."

मग बायकोचा आवाज आला.

"मेली ना?"

"हो. महिना झाला."

"मग सांगायचं की. आमच्याशी बोलायला वेलच लागते का तुम्हाला?"

पुढच्या रविवारी बूथवर गेलो. नंबर फिरवला. तिने "बोला" म्हटलं. मागे दोन माणसं रांगेत होती.

"आज पहाटे इथे एकोणीस होतं," मी म्हणालो.

ती म्हणाली, "इथं सहा. आबांना दोन गोधड्या घातल्यात. तुम्ही जेवलात का?"