उपासाचे खाडे

संकष्टीच्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या चारही घरांतून एकच वास येतो. तुपात तडतडलेलं जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट आणि त्यात हलक्या हाताने परतला जाणारा साबुदाणा. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण तो वास छातीभर ओढून घेतो आणि उपास नसतानाही उपास असल्यासारखा खूश होतो. मी मात्र घरात येऊन स्वयंपाकघराची खिडकी लावून घेते. मला त्या वासाने मळमळतं. डॉक्टरला दाखवावं असं हे पोटाचं दुखणं नव्हे. तुमच्याही आयुष्यात असा एखादा वास असेल, जो इतरांची भूक चाळवतो आणि तुम्हाला तुमचीच किळस आणतो. माझा हा आहे.

ऐंशीनंतरची ती चार-पाच वर्षं मी मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांच्या एका जागेत काढली. आम्ही तिघी होतो. मी सरकारी कचेरीत कारकून. दुसरी बँकेत, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, नीटनेटकी, रुमालाच्यासुद्धा चार घड्या सारख्या घालणारी. आणि तिसरी सगळ्यांत लहान, भांडुपच्या एका औषध कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरणारी. तिचे वडील गिरणीत होते. संप लांबत गेला तसे ते बायकोला घेऊन कोकणात गावी परतले आणि ही मुलगी इथे राहिली, कारण घरात कमावणारी आता तीच होती. बँकवालीचा पगार सोळाशे, माझा अकराशे, तिचा तीनशे ऐंशी. हे आकडे आम्हाला तिघींनाही ठाऊक होते आणि त्यांच्याबद्दल कधीच बोलायचं नाही, हेही ठाऊक होतं. भाडं जागा घेताना ठरलं होतं, त्याबद्दल तक्रार नव्हती. प्रश्न होता तो वाणसामानाचा. तांदूळ, गहू, डाळ, तेल, दूध, भाजी, गॅस या सगळ्याची बेरीज महिन्याला चारशे पाच रुपये यायची आणि तिचे आम्ही सरळ तीन भाग करत असू. तिघी जेवतो, तिघी भरतो. याहून स्वच्छ व्यवहार काय असणार, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

एकदाच, पोळ्या लाटता लाटता, तिने विचारलं होतं, "ताई, सामानाचे पैसे पगाराच्या हिशेबाने काढले तर? म्हणजे ज्याचा जेवढा पगार, तेवढं?" हसत विचारलं होतं, नाकारलं तर थट्टा म्हणून सोडून देता यावं अशा बेताने. बँकवाली म्हणाली, "अगं, मी परीक्षा देऊन वर चढले, तो काय गुन्हा केला? आणि मी काय तुझ्या चौपट पोळ्या खाते?" ती लगेच "नाही नाही, सहज विचारलं" म्हणाली. मी गप्प राहिले असते तरी पुष्कळ झालं असतं. पण मला मध्यस्थी करायची भारी हौस. मी मधला मार्ग काढला. खानावळीत जसा खाडा धरतात, ज्या वेळी जेवलो नाही त्या वेळचे पैसे वजा, तसा आपण धरायचा. एका वेळच्या जेवणाचे सव्वादोन रुपये. जी जेवणार नाही तिचे तेवढे कमी. दोघींनाही पटलं. माझं अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडे आली. त्या रात्री मी स्वतःवर इतकी खूश होते की मला लवकर झोप आली नाही.

पुढच्याच आठवड्यात तिने गुरुवार धरला. मग सोमवार. श्रावण लागला तसा शनिवारही आला, आणि श्रावण सरला तरी तो गेला नाही. मी वहीत गोल गोल खाडे मांडत गेले. आम्ही तिचं कौतुक करायचो. बँकवाली तर म्हणायची, "बघ, एवढीशी पोर, पण देवाचं किती करते! नाहीतर आपण." सुरुवातीला मी तिच्यासाठी मूठभर साबुदाणा भिजत घालत असे. दोन महिन्यांनी बँकवालीने हिशेब पाहिला आणि म्हणाली, "खाडाही धरायचा आणि साबुदाणाही द्यायचा? तो गव्हापेक्षा महाग आहे गं." बोलणं बिनचूक होतं. मी वहीच्या पहिल्या पानावर नवा नियम लिहिला, उपासाचे पदार्थ ज्याचे त्याने आणावे. तिने वाचलं आणि म्हणाली, "बरोबर आहे की ताई. मी चहावर राहीन. सवय झालीय आता." त्यानंतर उपासाच्या दिवशी ती चहात तीन तीन चमचे साखर घालून घेऊ लागली. तेही आमच्या लक्षात आलं. आमच्या लक्षात काय येत नव्हतं! मी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. तिचा हात तिथे पोचत नसे. तिने तो कधी मागितला नाही. लिहिते आहे आणि अंगावर पाल पडल्यासारखं होतं आहे.

ती वाळत चालली होती. ब्लाउजला आतून टाचण्या लावायची. कंपनीत उभं राहून काम असतं, त्याने होतं, असं म्हणायची, आणि आम्ही मान डोलवायचो. एका सोमवारी कसलीशी सुट्टी होती आणि तिची आई गावाहून आली. रात्रभर एसटीत बसून आलेली, किरकोळ अंगाची, हातात दोन पिशव्या. तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, चार नारळ, सगळं तिने आमच्या ओट्यावर ओतलं. हे माझ्या लेकीचं म्हणून काहीही वेगळं काढलं नाही. दुपारी मी पानं घेतली. बँकवालीचं, माझं आणि पाहुणीचं.

"आणि ह्येचा पान?" आईने विचारलं.

"तिचा सोमवार ना," मी म्हटलं. "सोमवार, गुरुवार, शनिवार. फार कडक करते हो तुमची लेक." आईला बरं वाटावं म्हणून मी हे जरा जास्तच गोडव्याने म्हटलं.

"उपास?" आई हसलीच. "ह्या चेडू कधीपासून उपास करूक लागला? घराकडे एकादशीकसुद्धा सकाळी उठान भाकरी मागी!"

मग ती हसायची थांबली. लेकीकडे पाहिलं. लेक फरशीकडे पाहत होती. आईने तिचं मनगट हातात घेतलं, अंगठा आणि बोट त्याच्याभोवती सहज जुळलं, आणखी वर सरकवलं तरी जुळलेलंच राहिलं. तिने आपल्यासमोरचं ताट उचललं आणि लेकीपुढे ठेवलं. "जेव. माका भूक नाय, मी गाडयेत खाल्लंय." तेही खोटंच होतं, पण निदान आम्हाला ते त्या क्षणी कळलं. मुलगी जेवली. मान वर न करता जेवली, भात दोनदा घेतला, ताकाची वाटी बोटाने निपटून घेतली. बँकवाली उठून आत गेली. आणि मी, त्या ताटासमोर बसलेली मी, मनात म्हणाले की आजचा खाडा आता खोडायला हवा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या मुलीच्या भुकेपेक्षा मला माझ्या मनात उमटलेल्या त्या एका वाक्याची जास्त भीती वाटते, कारण ते आपोआप आलं होतं.

आई दुसऱ्या दिवशी परत गेली. मी वहीच्या शेवटच्या पानावर तो हिशेब मांडला, जो पोळ्या लाटताना त्या पोरीने मागितला होता. पगाराच्या प्रमाणात तिच्या वाट्याला पन्नास रुपये येत होते, एकशे पस्तीसच्या जागी. बँकवालीला पंचाहत्तर जास्त पडले असते. आणि मला? मी तीन वेळा गुणाकार तपासला. मला महिन्याला दहा रुपये जास्त पडले असते. त्या महिन्यात तेवढे मी साडीच्या फॉलवर घालवले होते, आणि तो रंगही मला आवडला नव्हता. वर्षभर वहीत एका पैशाची चूक नव्हती. कुणी कुणाला फसवलं नव्हतं, कुणी आवाज चढवला नव्हता. आम्ही दोन सुशिक्षित, सभ्य बायकांनी एका पोरीला न्यायाने उपाशी ठेवलं होतं.

मी तिच्याकडे गेले. म्हटलं, पुढच्या महिन्यापासून पगाराच्या हिशेबाने, मी बघते बँकवालीचं काय ते. खरं तर तिने माझ्या गळ्यात पडावं, निदान डोळ्यांत पाणी आणावं, अशी माझी अपेक्षा होती; लाज वाटत असतानाही मला आभार हवे होते. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "आता नको ताई. आता मी पोळी घेतली की तुम्हाला दोघींना दिसणार, कितवी ते." जराही राग नव्हता आवाजात. त्याच महिनाअखेरीला ती गोवंडीला मावशीकडे राहायला गेली. तिथे सात माणसं एका खोलीत होती. जाताना तिने शिल्लक खाड्यांचे पैसे मागितले नाहीत, तरी मी दिले. तिने मोजून घेतले. मला ते फार आवडलं, आज वाटतं, तेवढीच एक गोष्ट त्या घरात सरळ झाली.

बँकवालीचं पुढे लग्न झालं, मीही मुलुंड सोडलं. ती मुलगी पुन्हा कधी भेटली नाही. भेटली असती तर मी काय बोलले असते, ठाऊक नाही. काळ सगळं पुसतो म्हणतात, पण माझ्याकडून त्याने फक्त बँकवालीचा आवाज आणि त्या खोलीचा रंग पुसला. उरलं ते हातात उरलं. माझ्याकडे जेवायला बसलेल्या माणसाने "पुरे, पोट भरलं" म्हटलं की माझा विश्वास बसत नाही. मी वाढते. तो ताटावर हात आडवा धरतो, तरी बोटांच्या फटीतून वाढते. नातेवाइकांत आता माझं नाव झालं आहे. इतकी अगत्याची बाई पाहिली नाही, हिच्या दारातून कुणी अर्धपोटी जात नाही, असं माझ्यासमोरच बोलतात, सुनांना माझं उदाहरण देतात. मी खाली मान घालून ऐकते. त्यांना तो विनय वाटतो.