देवाला लावलेल्या वह्या

क्षिप्रेकाठच्या हिंदी मुलखात, नानाखेड्याच्या आमच्या घरात पुढची खोली शिकवणीची. तीस-बत्तीस वर्षं मी तिथे गणित शिकवतेय. एका भिंतीला फळा, दुसरीला लांबलचक दिवाण, आणि दिवाणावर ओळीने बसलेली पोरं. त्या दिवाणाच्या पोटात काय साचलं होतं ते आठवलं की आजही मी जेवणाचं ताट बाजूला सारते.

गेल्या वर्षी दहावीतली एक मुलगी यायची. हुशार, पण खोकायची. मी त्रिकोणमिती काढली की हिची छाती घरघरायला लागे. मला वाटलं, नाटकं. इतकी वर्षं पोरं पाहिली आहेत, कुणाला पोटदुखी, कुणाला चक्कर. पाणी पी आणि पुढचं सोडव, एवढंच मी म्हणायची.

एकदा तिची आई तिला न्यायला आली. उंबऱ्यातच थबकली, ओढणी नाकाला लावली आणि म्हणाली, “मॅडम, बुरा मत मानिए, पर आपके यहाँ बास आती है.” डॉक्टरांनी मुलीला धुळीपासून, बुरशीपासून लांब ठेवायला सांगितलं होतं. सोमवारपर्यंत काही केलं नाहीत तर तिला फ्रीगंजच्या क्लासला घालू, असं बाई सांगून गेल्या. मुलगी चपला घालताना डोळे पुसत होती. फ्रीगंजला एका खोलीत साठ पोरं. तिथे आपण बुडणार हे तिला कळत होतं, आणि मलाही.

बास म्हणे, घाण वास, माझ्या घरात. मी तणतणत स्वयंपाकघरात गेले आणि सुनेला विचारलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “येते ना. आम्हाला सवय झालीय, आई.”

शनिवारी सकाळी दोघींनी मिळून दिवाणाची फळी उचलली. दिवाळीची सफाई आमच्याकडे दरवर्षी व्हायची, पण ती दिवाणाच्या वरून. आतून असा भपकारा आला की सुनेने आधी खिडकी गाठली. वह्यांचे थरच्या थर, खालचे ओल लागून एकमेकांना चिकटलेले, वर काळी बुरशी. एका कोपऱ्यात उंदराने बीजगणिताचा भुगा करून त्यात संसार थाटलेला. फळी हलताच झुरळं निघाली ती थेट माझ्या पायांवरून.

हा सगळा प्रताप कुणाचा, तर तरुणपणी मी जी मास्तरीणबाई होते तिचा. दसऱ्याला आमच्यात पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात, तिच्यापुढे वह्या-पुस्तकं मांडून हळदकुंकू, अक्षता वाहतात. पूजा झाली की वही ज्याची त्याला परत. पण कडक इस्त्रीची भैरवगढी छापाची साडी नेसून मिरवणाऱ्या त्या बाईला वाडवडिलांची रीत कमी पडली. देवाला लावलेली वही देवाचीच, ती घरी न्यायची नाही, असा तिने कायदा केला. पोरं हिंदी घरांतली. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, मराठी लोकांत असंच असतं. अर्धी भरलेली वही सोडून मुकाट्याने नवी आणायची.

आता खरं सांगते, देवाचा त्यात काही संबंध नव्हता. नवे पालक आले की बाई त्या वह्या काढून दाखवायची: बघा, माझी मुलं कशी लिहितात. आणि पानोपानी लाल शाईत स्वतःचेच शेरे. दाखवून झालं की वह्या परत दिवाणाच्या पेटीत, आत अक्षता, खडीसाखर, पेढ्याचा चुरा जसाच्या तसा. पुढे शिकवणीचं नाव झालं, मग ना वह्या दाखवायची गरज उरली ना फळी उघडायची. म्हणजे तीस वर्षं मी विद्येच्या नावाने झुरळांना जेवण घातलं.

कबाडीवाल्याला बोलावलं. त्याने लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, “माताजी, ये तो मुफ़्त में भी नहीं.” मी म्हटलं, पूजेचं आहे, क्षिप्रेत सोडू. सून म्हणाली, “क्षिप्रेने तुमचं काय वाकडं केलंय?”

तरी खोड जाते कुठे. वरची एक वही मी हळूच पदराआड घेतली आणि मागे जाऊन उघडली. माझ्या ‘अतिसुंदर’ या शेऱ्यावर पालीचं पिल्लू वाळून चपटं झालं होतं. मी आपण होऊन ती वही ढिगावर टाकून आले. कचरागाडीवाल्याने विचारलं, गीला की सूखा. दोन्ही, म्हटलं.

मागोमाग दिवाणही गेला. रविवारभर खोली साबणाने घासली, दारंखिडक्या सताड उघड्या ठेवल्या. सोमवारी फळा आणि एक धुतलेली सतरंजी, एवढंच उरलं होतं.

मायलेकी आल्या. आई आत आलीच नाही, उंबऱ्यात उभी राहिली. मी त्रिकोणमिती काढली, पण माझे कान मुलीच्या छातीकडे. पाऊण तासात ती एकदाच खोकली, तेव्हा आई आणि मी दोघी दचकलो. मुलगी म्हणाली, फोडणीचा ठसका. आतून सून ओरडली की फोडणी तिचीच आहे. मग आईने ओढणी नाकावरून काढली आणि म्हणाली, “सात बजे लेने आती हूँ.”

आई गेल्यावर मी मुलीला सांगून टाकलं, की इतके दिवस मी तुला नाटकी समजत होते.

“पता था, मॅडम,” ती म्हणाली.

रागावून नाही, सहज म्हणाली. मग तिने पेन्सिलीला टोक काढलं आणि सालं एकेक वेचून आपल्या कंपासपेटीत भरली. माझ्या खोलीत काही टाकलं तर तेही साचून राहील, अशी तिला भीती वाटत असावी.