ताईचं कडं

माझ्या दाजींना कारखान्यात सगळे 'मायक्रॉन' म्हणायचे. जन्मभर साचे बनवले, पण 'चालेल' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकला नाही. असल्या माणसाबरोबर ताईनं हसतखेळत संसार केला. मग ती विसरायला लागली. आधी गॅस, मग माझं नाव, मग घराचा रस्ता. दार उघडं दिसलं की चालू पडायची.

दाजींनी तिच्यासाठी स्टीलचं कडं आणलं. त्यावर नाव आणि फोन नंबर कोरायचा, म्हणजे कोणीही तिला घरी आणून सोडेल. मागच्या खोलीत हौसेनं घेतलेलं छोटं मिलिंग मशीन होतंच. पण कडं गोल. कोरणारं टोक एका जागी खोल घुसायचं, पुढे नुसतं हवेत फिरायचं. म्हणून त्यांनी टोकामागे स्प्रिंग बसवायचं ठरवलं, म्हणजे चढ असो की उतार, टोक सारखं टेकून राहील. पितळेची नळी, आत सरकणारी दांडी, बॉलपेनातली स्प्रिंग. ती मऊ पडली, अक्षरं पुसट आली. दुसरी कडक निघाली, टोकच मोडलं. तिसरीनं नंबर उमटला.

"झालं की दाजी! घाला तिच्या हातात."

"दांडी किंचित हलतेय. हा तीन बघ, आठ वाटतो."

"मला तीनच दिसतोय."

"आज दिसतोय. झिजल्यावर?"

माझं डोकंच सणकलं. तोवर निदान चिठ्ठी तरी पिनेनं लावा म्हटलं, तर म्हणाले, "ती काय सामानाचं खोकं आहे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी नळी केली. दांडी लोण्यासारखी सरकायला लागली. जुने आकडे घासून काढून त्यांनी कडं नव्यानं कोरलं. मशीनच्या आवाजात बाहेरचं दार उघडलेलं कळलं नाही. कडं घेऊन बाहेर आले, तर ताईची खुर्ची रिकामी.

आम्ही गल्ल्या, बसथांबे, दवाखाने पालथे घातले. सापडली ती सरकारी दवाखान्याच्या शवागारात. ट्रकचा धक्का लागला होता. दाजींनी खिशातून कडं काढलं आणि तिच्या गार हातात चढवलं. मला त्यांची कीव आली नाही, संताप आला. अजूनही येतो.

"आणली तेव्हा शुद्धीवर होती," तिथला माणूस म्हणाला. "जवळ नाव-पत्ता काही नव्हता हो, नाहीतर लगेच कळवलं असतं. घरी कोण आहे विचारलं, तर एकच सांगायची, 'आहेत ना. आत मशीनवर आहेत. झालं की येतीलच.'"