दर पंधरा मिनिटांनी येणारा

"ते जुनं फीड बंद केलं का?" श्रुती मॅडमनी कॉलवर विचारलं. माझ्या वरिष्ठ, त्या पुण्याच्या ऑफिसात, मी छावणी भागातल्या घरी. ऑफिस म्हणजे माझं जेवणाचं टेबल. जेवणाराही मी एकटाच.

"कालच केलं."

फीड म्हणजे सार्वजनिक नोटीस बोर्ड समजा. धरणातून नदीला किती पाणी सोडलंय तो आकडा आम्ही त्यावर टाकायचो. कुणाचाही कॉम्प्युटर येऊन तो घेऊन जायचा. पूर्वी लई गर्दी असायची. मग ॲप आलं, लॉगिन आलं, तिकडं कुणी फिरकेना. बंद होणार म्हणून मी महिनाभर फीडमध्येच सूचना टाकली होती. एकाचीही तक्रार आली नाही.

पण कोण येऊन गेलं याची नोंद राहते, तिला लॉग म्हणतात. त्यात एक जण अजून दिसत होता. दर पंधरा मिनिटांनी यायचा, 'बंद आहे' ऐकून जायचा, परत यायचा. खरं सांगतो, माझ्या दारी नेमानं येणारा तेवढाच उरला होता. राहवेना. जुन्या रजिस्ट्रेशनमधून त्याचा नंबर काढला.

"कडूबा बोलतोय. मोटार रिवाइंडिंगचं दुकान हाय, पैठणच्या खाली नदीकाठाला."

"आमचं फीड बंद झालंय. सूचना वाचली नाही का?"

"मी कुठं वाचतोय, साहेब? मशीन वाचतं. आकडा वाढला की देवळावरचा भोंगा वाजतो. पोरीनं बसवून दिलं व्हतं, ती आता हैदराबादला नांदती."

"आत्ता नदीत कोण आहे?"

"बाया धुणं धुत्यात, मेंढरं हायत. भोंगा नाय म्हंजी पाणी नाय, असंच धरतो आम्ही."

ॲप उघडलं. सकाळीच पाणी वाढवलं होतं. ते आता कधीही त्यांच्या गावापाशी पोचणार होतं.

"कडूबा, सगळ्यांना वर काढा. आत्ताच."

फोन चालूच ठेवून तो पळाला. मी फीड सुरू केलं. दोन मिनिटांचं काम. पण मशीन त्याच्या वेळेलाच येणार. नऊ मिनिटं मी लॉगकडं बघत बसलो. मग ओळ उमटली, आणि फोनमधून भोंगा ऐकू आला. माणसं, मेंढरं वर आली होती. दोन बादल्या तेवढ्या वाहून गेल्या.

"एका युजरसाठी चालू ठेवायचं?" मॅडमना कळवलं तेव्हा त्यांनी विचारलं.

"एक नाही, मॅडम. गाव आहे."

"राहू द्या मग."

धडा एवढाच, की सूचना मशीनला देऊन भागत नाही, माणसाला फोन करावा लागतो.

संध्याकाळी कडूबाचा फोन आला. मी दचकलो. "परत बंद पडलं का?"

"नाय, साहेब. सहजच केला."

काम काहीच नव्हतं. अर्धा तास बोललो.